लोकांशी बोलणारे गाडगेबाबा

सुमारे शंभर वर्षांपूर्वीचा काळ. खेड्यांत वीज आली नव्हती; घरोघरी रेडिओही नव्हता. वर्तमानपत्र आलेच तर ते गावच्या पाटलाकडे किंवा शाळेच्या मास्तरांकडे येई, आणि ते वाचू शकणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असत. वऱ्हाडातील एखादे काळ्या मातीचे गाव घ्या, की पुणे जिल्ह्यात, माळशेज घाटाच्या वाटेवर वसलेले मढ घ्या. दिवसभराची कामे उरकल्यावर माणसे एकत्र जमावीत अशी जागा बहुधा एकच असे. ती म्हणजे गावचे देऊळ आणि तेथील भजन-कीर्तन.

त्या काळी महाराष्ट्रातील गावोगाव एक विलक्षण मनुष्य फिरत असे. त्याच्या अंगावर ठिकठिकाणी ठिगळे लावलेला चिंध्यांचा अंगरखा होता. एका कानात कवडी आणि दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच होती. डोक्यावर मातीच्या फुटक्या गाडग्याचा तुकडा पालथा घातलेला असे. ऊन लागले की तीच त्याची टोपी, आणि भाकरी मिळाली की तेच त्याचे ताट. हातात खराटा असे. गावात शिरताच तो कोणाला काही न विचारता रस्ता झाडू लागे. गावाच्या चावडीपुढील कचरा, देवळामागील घाण, गटारात तुंबलेला चिखल, सारे तो निमूटपणे उपसून टाकी. कुत्री भुंकत, पोरे मागे लागत, कोणी वेडा म्हणून हसत. सायंकाळी गावकरी मोठ्या महाराजांचे कीर्तन ऐकण्यासाठी देवळापुढे जमत, तेव्हा सकाळचा तोच झाडूवाला कीर्तनाला उभा राहिलेला पाहून हसणाऱ्यांच्या माना खाली जात.

हेच गाडगेबाबा. कोणी त्यांना गोधडेबुवा म्हणत, कोणी चिंधेबुवा म्हणत. परंतु लोकांच्या तोंडी राहिले ते गाडग्यावरून पडलेले नाव.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या खेड्यात एका परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडिलांना दारूचे व्यसन जडले होते. त्या व्यसनाने घर धुळीस मिळाले, आणि डेबू अगदी लहान असतानाच वडील मरण पावले. आई सखूबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आपल्या माहेरी आली. तेथे डेबू मामांची गुरे राखू लागला. पुढे तो नांगर धरू लागला, मोट हाकू लागला. पूर आलेल्या नदीत पोहण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता म्हणतात. शाळेचे तोंड मात्र त्याने कधी पाहिले नाही.

या न शिकण्याचे मोल काय असते, हे त्याला लवकरच कळले. मामांनी सावकाराकडून कर्ज काढले होते. कागदावर काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते. सावकार सांगेल तेथे ते अंगठा उठवीत आणि सांगेल तितके पैसे देत. पैसे दिले तरी कर्ज फिटत नव्हते, आणि अखेर जमीन सावकाराच्या घशात गेली. त्या धक्क्याने मामा खचले. ज्या शेतात डेबूने आपला घाम गाळला होता, ते एका कागदाच्या बळावर दुसऱ्याचे झाले. पुढे बाबा हजारो लोकांना मुले शाळेत घाला म्हणून हात जोडून विनवीत, त्या वेळी मामांचे ते शेत त्यांच्या डोळ्यांपुढे असले पाहिजे.

डेबूजींचे लग्न झाले, मुले झाली. पहिल्या मुलीच्या बारशाला जातीतील रिवाजाप्रमाणे मटणाचे जेवण आणि दारू द्यावयास हवी होती. डेबूजींनी गोडाचे जेवण घातले. पाहुणे रागावले, कुरकुर झाली. पण ज्या दारूने आपल्या बापाला नेले, ती आपल्या दारात आणावयाची नाही, हा त्यांचा निश्चय ढळला नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटेच्या अंधारात डेबूजींनी घर सोडले. मागे वृद्ध आई होती, पत्नी कुंताबाई होती, लहान लेकरे होती. त्यांच्या वाट्याला आलेले कष्ट मोठे होते, आणि बाबांचे चरित्र सांगताना ते विसरून चालणार नाही. एका माणसाने साऱ्या मुलखाचा संसार पाहावयाचे ठरविले, त्याची किंमत त्याच्या घरच्यांनीही चुकती केली.

त्यानंतरची सुमारे बारा वर्षे डेबूजी अनवाणी हिंडले. या हिंडण्यात त्यांची एक रीत ठरून गेली होती. वाटेत एखाद्या शेतकऱ्याची गाडी चिखलात रुतलेली दिसली, तर ते चाकाला खांदा देत. कोणाच्या शेतात कापणी चाललेली दिसली, तर विळा घेऊन पातीत उभे राहत. गाडी वर आली, पात संपली, की मालकाने दोन शब्द बोलावेत यापूर्वीच ते वाटेला लागलेले असत. उलट, त्यांना स्वतःला भाकरी हवी असली, तर ती फुकट घ्यावयाची नाही असा त्यांचा नेम होता. आधी अंगण झाडावे, लाकडे फोडावीत, गोठा साफ करावा, आणि मग भाकरीचा तुकडा मागावा. एखाद्या घरी आधी शिव्याच मिळत. तरी हातचे काम ते अर्धे टाकीत नसत.

आपण दुसऱ्यासाठी काही केले, म्हणजे त्याने आभार मानावेत असे आपल्याला वाटते. त्यात वावगे काही नाही. परंतु गरीब माणसाला उपकाराचे ओझे किती जड होते, हे डेबूजींनी लहानपणी मामांच्या घरी पाहिले होते. सावकारही कर्ज देताना उपकारच करीत असे! म्हणून आपण केलेल्या कामाचे कोणाला देणे वाटू नये, आणि कोणी दिलेल्या घासाचे देणे मात्र आपल्या अंगावर राहू नये, असे त्यांनी आपल्यापुरते ठरवून टाकले असावे.

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. ऋणमोचन म्हणजे ऋणातून सुटका. पौष महिन्यात तेथे यात्रा भरते. त्या काळी नदीत उतरावयास धड वाट नव्हती. म्हातारी माणसे, कडेवर मुले घेतलेल्या बाया चिखलात घसरून पडत. १९०८ सालच्या सुमारास डेबूजींनी तेथे घाट बांधण्याचे काम हाती घेतले. त्यांच्याजवळ पैसा नव्हता, ओळखीचा कोणी मोठा माणूस नव्हता. त्यांनी स्वतःच पाटी उचलली आणि माती वाहावयास आरंभ केला. एक माणूस एकटाच राबतो आहे हे पाहून यात्रेकरू थबकले, काहींनी हात लावला. कामाला आकार आला. याच यात्रेत घरच्या माणसांना त्यांची भेट होई. आईने परत येण्याची विनवणी केली. ती त्यांनी ऐकली नाही. पुढे कुंताबाई आणि मुले ऋणमोचनला एका झोपडीत राहू लागली.

आता बाबांच्या कीर्तनाकडे वळू. कारण खराट्याने ते गाव झाडीत, तसे कीर्तनाने मने झाडीत, असे लोक म्हणत. आपल्याकडे कीर्तनाची परंपरा फार जुनी आहे. पागोटे, उपरणे, पेटी-तबल्याची साथ, पूर्वरंग आणि उत्तररंग असा तिचा थाट असतो. बुवा बोलतात आणि श्रोते ऐकतात. बाबांच्या कीर्तनात पेटीही नव्हती आणि पागोटेही नव्हते. टाळ मिळाले नाहीत तर दोन दगडांवर ठेका धरीत. देवकीनंदन गोपाळाचा गजर सुरू झाला की हजारो माणसे एका सुरात तो उचलून धरीत. मग बाबा थांबत आणि समोर बसलेल्या मंडळींना प्रश्न विचारीत.

हे प्रश्न साधे असत. देवाला रोज आंघोळ कोण घालते, असे ते विचारीत. लोक सांगत, आम्ही घालतो. त्याला वस्त्र कोण नेसविते? आम्ही. त्याच्यापुढे दिवा कोण लावते? आम्हीच. नैवेद्य दाखविला आणि तेवढ्यात कुत्रे आले, तर ते हाकलावयास काठी घेऊन कोण धावते? तेही आम्हीच! येथवर येईपर्यंत लोक हसू लागलेले असत. मग बाबांचा आवाज गंभीर होई. ज्याला स्वतःच्या ताटावरचे कुत्रे हाकलता येत नाही, तो नवसाला पावून आपले भले कसे करणार, हा प्रश्न त्यांनी पुरता उच्चारण्याच्या आधीच लोकांच्या मनात उभा राहिलेला असे. देव शोधावयाचा तर तो भुकेलेल्यात, तहानलेल्यात, उघड्यानागड्यात, रोग्यात आणि मुक्या जनावरात शोधावा, असे बाबा सांगत.

कधी ते कर्जाविषयी विचारीत. कर्ज कोणी कोणी काढले आहे? कशासाठी काढले? लग्नात वाजंत्री वाजली, पंगती उठल्या, त्यातले आज घरात काय उरले? कधी ते मुलांविषयी विचारीत. बैल घेताना दात पाहून घेता. मुलाला शाळेत घालताना मात्र पैसा नाही म्हणता, ते का? जेवणाचे ताट नसले तर भाकरी हातावर घ्यावी, बायकोला लुगडे कमी किमतीचे घ्यावे, पण मुलाला शिकविल्यावाचून राहू नये, असा त्यांचा आग्रह असे. आणि आपण स्वतः अडाणी राहिलो, हे सांगावयास त्यांना कधी संकोच वाटला नाही.

बाबांनी लोकांना नुसते सांगितले असते, तर लोकांनी मान डोलविली असती आणि घरी जाऊन ते सारे विसरली असती. परंतु बाबांनी विचारले, म्हणून लोकांना उत्तर द्यावे लागले. आपल्या तोंडून निघालेले उत्तर आपल्याच कानांवर पडले, की त्यापासून पळून जाता येत नाही. वऱ्हाडी बोलीत बोलणारा, आपल्यासारखाच राबलेला, आपल्यासारखीच भाकरी खाणारा हा मनुष्य कोणाला हिणवीत नव्हता. दारू पिणाऱ्यालाही तो घराची, लेकराबाळांची विचारपूस करी. मग भर कीर्तनात कोणी उठून उभा राही आणि दारू सोडल्याची शपथ घेई. कोणी देवापुढे बकरा न कापण्याचे वचन देई.

कीर्तन संपता संपता पाया पडण्यासाठी लोकांची झुंबड उडे. तेथे मात्र बाबांची धांदल पाहण्यासारखी असे. पायावर डोके ठेवू पाहणाऱ्याच्या पाठीत त्यांची काठी बसे! पुष्कळदा गजर चालू असतानाच ते काळोखात निसटून जात, आणि लोक उठून पाहतात तो महाराज गावाबाहेर कोसभर गेलेले असत.

१९२३ साली बाबा कोकणात खारेपाटण येथे कीर्तन करीत असताना त्यांचा मुलगा गोविंद मरण पावल्याची वार्ता त्यांना कळविण्यात आली. बाबा क्षणभर थांबले. नंतर त्यांनी कीर्तन पुढे चालविले. जगात रोज कितीतरी घरांतील मुले जातात. त्या सर्वांसाठी जो रडला नाही, त्याने एका आपल्या मुलासाठी कसे रडावे, असा त्यांच्या बोलण्याचा भाव होता. झोपडीत बसलेल्या कुंताबाईंना त्या रात्री काय वाटले असेल, ते चरित्रकारांनी फारसे लिहिलेले नाही.

बाबांच्या शब्दावर लोक पैसा देऊ लागले. श्रीमंत व्यापाऱ्यांच्या थैल्या आल्या, तसे मोलकरणींचे आणे-पैसेही आले. त्यातून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. मूर्तिजापूरला गोरक्षण झाले. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ, खेड्यांतून आलेल्या रोग्यांच्या नातेवाइकांना पाठ टेकावयास जागा झाली. आंधळ्या-पांगळ्यांसाठी अन्नछत्रे निघाली. शाळा आणि वसतिगृहे निघाली. या कशावरही बाबांनी आपला किंवा आपल्या कुटुंबाचा हक्क ठेवला नाही. धर्मशाळा बांधून झाली, तरी त्यांचा स्वतःचा मुक्काम बाहेर कोठेतरी झाडाखाली किंवा झोपडीत असे. ज्यांनी पैसा दिला त्यांचा तो ठेवा आहे, आपण केवळ हमाल आहोत, अशी त्यांची वागणूक होती.

या धर्मशाळांपैकी एकीची हकीकत विशेष आहे. पंढरीच्या वारीला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसे येत. परंतु ज्यांना त्या काळी अस्पृश्य म्हणत, त्यांना विठ्ठलाच्या मंदिरात प्रवेश नव्हता, आणि मुक्कामालाही कोणी जागा देत नसे. पावसात, नदीच्या वाळवंटात ते कसेबसे रात्र काढीत. बाबा स्वतः वर्षानुवर्षे पंढरपुरास जात. पण दर्शनासाठी मंदिरात जात नसत. चंद्रभागेचे वाळवंट झाडणे हीच त्यांची वारी. तेथे उघड्यावर पडलेली ही माणसे त्यांनी पाहिली, त्यांच्याजवळ बसून त्यांच्याशी बोलले, आणि त्यातून संत चोखामेळ्यांच्या नावाची धर्मशाळा उभी राहिली. मंदिराची दारे त्या बांधवांना उघडली, ती त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, १९४७ साली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि गाडगेबाबा यांचा स्नेह होता. एकाने परदेशातील विद्यापीठांच्या मोठमोठ्या पदव्या मिळविलेल्या, दुसऱ्याला अक्षरओळख नाही. परंतु दोघांनाही एकच ध्यास होता. कीर्तनात बाबा पुष्कळदा आंबेडकरांचे उदाहरण देत, आणि शिक्षणाने मनुष्य कोठवर जाऊ शकतो ते सांगत. १९४९ साली बाबा मुंबईत आजारी पडले. त्या वेळी आंबेडकर भारताचे कायदेमंत्री होते. त्यांना त्याच दिवशी दिल्लीस जावयाचे होते. परंतु निरोप मिळताच ते जाणे बाजूला ठेवून रुग्णालयात आले. येताना त्यांनी दोन घोंगड्या आणल्या होत्या. बाबा कोणाकडून कधी काही घेत नसत, हे सर्वांना ठाऊक होते. पण त्या दिवशी बाबांनी त्या घोंगड्या ठेवून घेतल्या, असे सांगतात.

ज्याने आयुष्यभर दुसऱ्याचे आभार ऐकण्यापूर्वीच पळ काढला, त्याने बिछान्यावर पडल्या पडल्या एका स्नेह्याची भेट मुकाट्याने स्वीकारली. देणे बाबांना कधी जड गेले नव्हते. घेणे मात्र अवघड होते. आंबेडकरांची घोंगडी नाकारणे म्हणजे त्यांचे प्रेम नाकारणे, हे त्यांनी ओळखले असले पाहिजे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळाही बाबांनी आंबेडकरांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. ज्या वास्तूत उपेक्षितांना निवारा मिळाला होता, तेथे त्यांच्या मुलांना शिकता यावे अशी ती योजना होती.

बाबांविषयी लोकांच्या मनात जी कृतज्ञता होती, तिला ते हयात असतानाच अनेक वाटा फुटल्या. प्रबोधनकार ठाकरे यांनी त्यांचे चरित्र लिहिले. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली कराड येथे काढलेल्या महाविद्यालयाला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. ज्यांनी कधी पाटी हाती धरली नाही, त्यांच्या नावाने पदवीचे वर्ग सुरू झाले. पुढे अमरावतीच्या विद्यापीठालाही त्यांचेच नाव मिळाले. सन २००० पासून महाराष्ट्र शासनाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, तेही त्यांच्याच नावाने. आणि सह्याद्रीपासून वऱ्हाडापर्यंतच्या अनेक गावांत ग्रामस्थ हाती खराटे घेऊन आपापली आळी झाडू लागले.

१९५६ साल उजाडले तेव्हा बाबा ऐंशी वर्षांचे झाले होते. प्रकृती ढासळली होती, तरी पायांची भिंगरी थांबली नव्हती. नोव्हेंबर महिन्यात मुंबईस वांद्रे येथे त्यांचे कीर्तन झाले. ते त्यांचे अखेरचे मोठे कीर्तन ठरले. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर निवर्तले. ती वार्ता ऐकून बाबा फार व्याकुळ झाले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, मोटारीने अमरावतीस नेले जात असता वलगावनजीक पेढी नदीच्या पुलाजवळ बाबांची प्राणज्योत मालवली. अमरावतीत, आज ज्या भागास गाडगेनगर म्हणतात, तेथे त्यांची समाधी आहे.

वांद्र्याच्या त्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण करून ठेवलेले आहे. ते आजही ऐकावयास मिळते. आवाज थकलेला आहे, मधूनच खोकल्याची ढास लागते. बाबा प्रश्न विचारतात आणि क्षणभर थांबतात. मग समोर बसलेल्या शेकडो माणसांचे उत्तर एकदम ऐकू येते.